लज्जा कोणाची?

लज्जा आणि पश्चात्ताप हे मनोविकार वरवर पाहतां सारखे भासतात; पण त्यांची दृष्टि निराळी आहे. "माझ्या हातून वाईट घडलें" हा पश्चात्तापाचा उद्गार, तर "आतां तोंड कसें दाखवूं?" हा लज्जेचा. पहिला स्वतःच्या कृत्याकडे पाहतो, दुसरी लोकांच्या डोळ्यांकडे. हे विकार मनुष्यमात्राला निसर्गानें दिले असले, तरी कोणीं कशाबद्दल आणि किती लाजावें हें समाज ठरवितो. आणि तें ठरवितांना स्त्रीला एक माप व पुरुषाला दुसरें लावतो.

१८८१ सालीं सुरतेच्या न्यायालयांत विजयालक्ष्मी नांवाच्या तरुण ब्राह्मण विधवेला, वैधव्यांत झालेल्या आपल्या अपत्याचा जीव घेतल्याबद्दल फांशीची शिक्षा फर्मावण्यांत आली. पुढें ती सौम्य झाली. अपत्य कांहीं एकट्या आईचें नसतें. पण लोकनिंदेचा रोख तिच्यावरच राहिला. विधवेची अब्रू त्या काळीं तिच्या एकटीच्या मालकीची मानली जात नसे. माहेर, सासर, जात, धाकट्या भावंडांचीं लग्नें, सारें तिच्या वर्तनाला टांगलेलें. 'मी कोण?' या प्रश्नाचें उत्तर जिला जन्मभर दुसऱ्यांच्या नजरेंत शोधावयास शिकविलें, तिच्या ठायीं भीतीनें वात्सल्यावर मात करावी, यांत नवल तें काय?

हें मर्म जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं आधींच ओळखलें होतें. विधवांना गुप्तपणें व सुखरूप बाळंत होतां यावें म्हणून त्यांनीं १८६३ सालीं पुण्यांत बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें. लोकांचे डोळे दूर झाले कीं मूल वांचतें. अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत त्यांनीं दत्तक घेतला; तो पुढें डॉक्टर झाला.

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं निराळा मार्ग धरला. सुरतेच्या खटल्याच्या निमित्तानें स्त्रीजातीवर झालेल्या टीकेला उत्तर म्हणून त्यांनीं १८८२ सालीं 'स्त्री-पुरुष तुलना' हें पुस्तक प्रसिद्ध केलें. जे दोष स्त्रियांच्या माथीं मारतां ते पुरुषांत नाहींत काय, असा त्यांचा रोकडा सवाल होता. लज्जेच्या जागीं येथें संताप आला. संताप पुरुषांत दिसला तर तेज आणि स्त्रींत दिसला तर कजागपणा, अशी ज्या समाजाची समजूत, तेथें हें धाडसच होतें. जोतीरावांनीं १८८५ सालीं 'सत्सारां'त त्यांची बाजू घेतली. पण ताराबाईंचें दुसरें पुस्तक उपलब्ध नाहीं.

विधवेचें जिणें तेव्हांपासून पुष्कळ पालटलें आहे. तरी घराघरांत हीं मापें घडविण्याचें काम चालूच असतें. एकाच चुकीबद्दल मुलाला "असें कां केलेंस?" असें विचारलें जातें, आणि मुलीला "लोक काय म्हणतील?" असें. पहिला प्रश्न सदसद्विवेकाला जाग आणतो, दुसरा केवळ भय शिकवितो. नीति दोघांनाही हवी आहे. म्हणून दोघांनाही पहिलाच प्रश्न विचारणें, एवढें तरी आईबापांच्या हातीं आहे.