सिनेमातला कडा आणि आपला सुरगड



संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या गटाच्या बायका जमल्या होत्या. वाण देऊन झालं आणि पोरांनी टीव्हीवर ‘तान्हाजी’ लावला. घरी निघालेल्या बायकाही परत खाली बसल्या. आज त्या सिनेमाबद्दल दोन शब्द.

२०२० साली आलेला हा सिनेमा ओम राऊत यांनी केला. आधी त्यातलं चांगलं सांगते. रात्रीचा अंधार, मशालींचा उजेड, तलवारींच्या सावल्या. एकेक दृश्य चित्र काढल्यासारखं. हा कॅमेरा केइको नाकाहारा या जपानी बाईंनी सांभाळला. वेशभूषेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. लढाई सुरू झाली की चहाचा कप हातात तसाच राहतो. आणि तानाजींचं उमरठ तर आपल्याच रायगड जिल्ह्यात, पोलादपूर तालुक्यात. ऊर भरून येतोच.

पण माझ्या नातीने विचारलं, “आजी, गड एवढ्या पटकन चढता येतो?”

मी म्हटलं, “आपला सुरगड आठव.” खांबहून सुरगडावर गेलेल्या बाईला ठाऊक आहे, दिवसाउजेडी, मोकळ्या हातानेसुद्धा छाती कशी भरून येते. डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन डोंगर उतरलेलीला तर सांगायलाच नको. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री मावळे अंधारात, हत्यारांसह कोंढाण्याचा कडा चढले. सिनेमात सगळं इतकं देखणं, इतकं झटपट होतं की तो दम, ती भीती, ते सोललेले हात दिसतच नाहीत. कष्ट लपले की शौर्यही हलकं होतं.

दुसरी खोट उदयभानाची. सिनेमात तो निव्वळ राक्षस. सभासद बखर सांगते की दोघे शूर एकमेकांशी लढले आणि दोघेही पडले. समोरचा तोलामोलाचा असला तरच जिंकण्याला किंमत. ती ‘नागीण’ तोफेची गोष्टही सिनेमाने रचलेली. गोष्ट रचायला हरकत नाही, पण पोरं तोच इतिहास धरून बसतात.

आणि बायका? सावित्रीबाई दिसतात, पण थोड्याच. नवरा मोहिमेवर गेल्यावर शेत, गुरं, पोरं कोण बघत होतं? ते घर पुढे कसं चाललं? सिनेमा विचारत नाही. आपण विचारायला हवं, कारण आपल्याकडेही कामाला मुंबईला गेलेल्यांची घरं बायकाच चालवतात.

म्हणून सिनेमा बघू नका असं मी म्हणत नाही. जरूर बघा, पोरांना शेजारी घेऊन बघा. संपल्यावर विचारा, यातलं खरं किती, रचलेलं किती? मुलींना सांगा, कोल्हापूरकडे मुलीही लाठी आणि दांडपट्टा खेळतात. आणि एका रविवारी भाकरी बांधून सगळ्यांना सुरगडावर न्या. अर्ध्या वाटेवर धाप लागली की कोंढाणा आपोआप समजेल.