यंत्रांची सूचनावही

(स्नेहमेळाव्याच्या सकाळच्या सत्रात केलेले भाषण)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे, ‘तू नक्की करतेस काय?’ आपल्या ग्रुपवर हा प्रश्न दर दिवाळीला निघतो. ‘कारखान्यातलं नेटवर्किंग’ असं मी सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला : मग आमचं वाय-फाय वरच्या खोलीत का पोचत नाही? त्याचं उत्तर मला खरंच येत नाही. यंत्रातल्या मोटरी, सेन्सर, व्हॉल्व्ह आणि त्यांना हुकूम देणारा कंट्रोलर यांच्यात तारेवरून जे बोलणं चालतं, ते वेळेवर व्हावं एवढं मी बघते. लोक मला इंटरनेटच्या वेगाबद्दल विचारतात आणि मी वेळेबद्दल बोलत राहते, म्हणून आमचं जमत नाही. आज जमवून बघू.

सकाळी घरी येणारं वर्तमानपत्र घ्या. त्यातला रंगीत फोटो चार शाईंनी छापलेला असतो आणि कागद चार युनिटांमधून सलग धावत जातो. जुन्या छपाईयंत्रात या सगळ्या युनिटांच्या खालून एक लांबलचक लोखंडी शाफ्ट जायचा. तो फिरला की गिअरमधून सगळे रूळ एकत्रच फिरणार, कोणी मागे राहण्याचा प्रश्न नव्हता. १९९०च्या दशकात हा शाफ्ट काढून टाकायला सुरुवात झाली. प्रत्येक युनिटाला स्वतःची मोटर आली आणि त्या जाडजूड लोखंडाचं काम एका बारीक तारेवर येऊन पडलं. आता हिशोब बघा. कागद सेकंदाला १० मीटर धावत असेल तर सेकंदाच्या हजाराव्या भागात तो १ सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. लाल रंगाची मोटर तेवढी मागे राहिली तर पुढाऱ्याच्या ओठांचा रंग हनुवटीवर जाईल. अक्षरांच्या कडा स्वच्छ यायच्या असतील तर चूक ०.१ मिलिमीटरच्या आसपास ठेवावी लागते, म्हणजे सेकंदाचा एक लाखावा भाग. बाटल्या भरणारी, गोळ्यांची पाकिटं बांधणारी, गाडीचे भाग जोडणारी यंत्रं सगळी याच पंथाची.

हे बोलणं ज्या इथरनेटवरून चालतं, ते मुळात कचेरीसाठी जन्माला आलं होतं. १९७३ साली अमेरिकेत पालो आल्टोला, झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात, रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी ते उभं केलं. पद्धत साधी होती. एकच तार सगळ्यांना सामाईक. तारेवर शांतता असेल तर बोला. दोघे एकदम बोलले तर दोघांनीही थांबायचं, मनाला येईल तेवढा वेळ जाऊ द्यायचा आणि पुन्हा प्रयत्न करायचा. पुन्हा धडक झाली तर थांबण्याची मुदत वाढवायची. सोळा प्रयत्नांत जमलं नाही तर नाद सोडायचा. बाई वर्गात नसताना आपण असंच बोलायचो, आणि बहुतेकांचं म्हणणं शेवटी पोचायचंही. पत्र अर्ध्या सेकंदानं उशिरा पोचलं म्हणून कचेरीत काही बिघडत नाही. छपाईच्या मोटरीला मात्र ‘बहुतेक वेळा पोचतं’ हे उत्तर चालत नाही.

पुढे स्विच आले आणि तारेवरची धडक थांबली. पण रांग राहिलीच. १०० मेगाबिटच्या तारेवर एक पूर्ण लांबीचा निरोप जायला सुमारे १२३ मायक्रोसेकंद लागतात. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. माझ्या मोटरीचा दोन अक्षरांचा हुकूम कोणाच्या तरी भल्यामोठ्या फाइलीमागे अडकला तर तेवढा वेळ गेलाच, आणि वाटेत असे दहा स्विच असतील तर किती वेळ जाईल हे आधी कोणी सांगू शकत नाही. तो आकडा सांगता येत नाही, ही आमची खरी अडचण. जास्त वेगाची तार घेऊन ती कमी होते, संपत नाही.

म्हणून कारखान्यांनी बरीच वर्षं कचेरीची तार आत येऊ दिली नाही. स्वतःच्या वेगळ्या तारा वापरल्या, आणि प्रत्येक मोठ्या कंपनीची भाषा निराळी. सगळ्यांची मिळून एक भाषा ठरवायला आंतरराष्ट्रीय समिती बसली, वर्षानुवर्षं भांडली, आणि २००० सालच्या सुमारास जे प्रमाणपुस्तक निघालं त्यात एक सोडून आठ भाषा होत्या! हौसिंग सोसायटीत रंग ठरला नाही म्हणून आठ मजल्यांना आठ रंग द्यावेत तसं. मी कामाला लागले तेव्हा बॅगेत कपडे कमी आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या केबली जास्त असायच्या.

तोवर इथरनेटच्या चिप इतक्या स्वस्त झाल्या होत्या की ते वापरण्याचा मोह कोणालाच आवरेना. मग त्याला शिस्त लावायचे निरनिराळे मार्ग निघाले. ऑस्ट्रियातून आलेल्या पॉवरलिंकमध्ये एक मॉनिटर प्रत्येकाचं नाव पुकारतो आणि ज्याचं नाव येईल त्यानंच बोलायचं, सरळ हजेरी. प्रोफिनेटच्या काटेकोर प्रकारात वेळापत्रकातला एक तास राखून ठेवतात, त्या वेळात दुसऱ्या कोणी तारेवर यायचं नाही. मी जास्त काम केलंय ते इथरकॅटवर. जर्मनीतल्या बेकहॉफ कंपनीनं ते २००३ साली आणलं, आणि ते समजायला तुम्हाला इंजिनिअर व्हायची गरज नाही. आपल्या शाळेतली सूचनावही आठवा.

शिपाईकाका ती लाल वही घेऊन पाचवी अ पासून निघायचे. प्रत्येक वर्गात बाई सूचना वाचायच्या, सही करायच्या, वही पुढे. इथरकॅटमध्ये कंट्रोलर अशी एकच वही सोडतो, तिच्यात सगळ्या उपकरणांचे हुकूम ओळीनं लिहिलेले. फरक इतकाच की इथले काका थांबत नाहीत. वही हातातून सरकत असतानाच उपकरण आपल्या ओळीतला हुकूम उचलतं आणि त्याच वेळी आपलं उत्तर तिथे लिहून टाकतं. वहीचं शेवटचं पान अजून दाराबाहेर असतं तेव्हा पहिलं पान पुढच्या वर्गात पोचलेलं असतं. एका उपकरणात जाणारा वेळ साधारण एक मायक्रोसेकंद. शेवटच्या उपकरणापासून वही त्याच केबलमधल्या दुसऱ्या जोडीवरून परत फिरते. सह्यासुद्धा आहेत. ज्यानं ज्यानं आपलं काम केलं तो वहीतला एक आकडा वाढवतो. परत आल्यावर कंट्रोलर तो आकडा तपासतो, कमी भरला तर कोणीतरी गैरहजर. अशी वही सेकंदाला हजार वेळा फिरते, गरज पडली तर त्याहून कितीतरी जास्त वेळा.

पण वही प्रत्येकाकडे थोडी पुढेमागे पोचते, मग सगळ्या मोटरी एकाच क्षणी कशा हलणार? इथे मला आपलं लेझीम आठवतं. हलगी मैदानाच्या एका टोकाला. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे ३४ मीटरवर उभ्या असलेल्या मुलीला ठोका सेकंदाच्या दहाव्या भागानं उशिरा ऐकू येतो. पी.टी.चे सर शेवटच्या रांगेवर ओरडायचे, ‘मागं पडताय!’ सर, आज तुमच्यासमोर सांगते, तो ध्वनीचा दोष होता. (हशा)

इथरकॅटनं यावर असा उपाय केला आहे. सुरुवातीलाच, निरोप जाताना आणि परत येताना किती वाजले हे प्रत्येक उपकरण टिपून ठेवतं. त्यावरून कोणापर्यंत पोचायला किती उशीर लागतो हे कळतं. पहिल्या उपकरणाचं घड्याळ प्रमाण मानून बाकीचे तेवढी दुरुस्ती करून आपापलं घड्याळ लावतात, आणि ही जुळवणी पुढे सतत चालू राहते. घड्याळांमधला फरक एका मायक्रोसेकंदाच्या आत राहतो. मग ठोका ऐकून पाऊल टाकायचं कारण उरत नाही. अमुक वाजता पाऊल टाका, असा हुकूम आधीच हातात असतो. वही क्षणभर पुढेमागे झाली तरी ठरलेल्या वेळेच्या आधी पोचली म्हणजे झालं.

आता ज्या गोष्टीसाठी हा विषय मला महत्त्वाचा वाटतो तिकडे येते. पत्र्याला आकार देणाऱ्या प्रेससमोर अदृश्य किरणांचा पडदा असतो. हात आत गेला की किरण तुटतो आणि प्रेस थांबते. पडदा यंत्रापासून किती लांब बसवायचा याचं आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे. जवळच्या अंतरासाठी हात सेकंदाला २ मीटर वेगानं पुढे येतो असं धरतात आणि थांबण्याच्या एकूण वेळेनं गुणतात, वर थोडं जास्तीचं अंतर धरतात. त्या वेळेत निरोपाचा वेळही आला. निरोपावर अनुक्रमांक असतो, मजकूर बिघडला नाही ना याची तपासणी असते, आणि एक मुदत असते. ‘सगळं ठीक आहे’ हा निरोप त्या मुदतीत आला नाही तर यंत्र धोका आहे असंच समजतं आणि थांबतं. किरण तुटला असो वा तार. गप्प बसणं म्हणजे संमती, हा नियम इथे चालत नाही.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात अशी लाइन दिवसातून चार-पाच वेळा विनाकारण थांबत होती. उत्पादनाचे साहेब वैतागले होते, आणि त्यांचंही खोटं नव्हतं, गाड्या माल भरायला दारात उभ्या होत्या. ते म्हणाले, “मॅडम, ती मुदत ४० मिलिसेकंदांची १०० करून टाका, कटकट संपेल.” माझ्या लॅपटॉपवर तो एक आकडा बदलायला अर्धं मिनिट पुरलं असतं. पण वाढलेले ६० मिलिसेकंद गुणिले सेकंदाला २ मीटर, म्हणजे १२ सेंटिमीटर. पडदा तेवढा मागे सरकवायला जागा नव्हती, मागे खांब होता. म्हणजे ते १२ सेंटिमीटर प्रेसवर उभ्या असलेल्या माणसाच्या हातातून वजा होणार होते. कागदावर हे गणित मांडून मी साहेबांसमोर ठेवलं आणि नाही म्हटलं. बरीच बोलणी खाल्ली. रात्रपाळीत मेंटेनन्सच्या दोन मुलांबरोबर केबल फूट-फूट तपासत गेले. मोठ्या मोटरीची पॉवर केबल आणि आमची तार एकाच ट्रेमधून मिठी मारून गेली होती, आणि आमच्या तारेचं शिल्ड एका टोकाला सुटलं होतं. मोटर जोर घ्यायची आणि निरोप खराब व्हायचे. तार वेगळी केली, शिल्ड जोडलं, थांबणं बंद झालं. मुदत ४० वरच राहिली. त्या प्रेसवरच्या माणसाला यातलं काही माहीत नाही, आणि ते ठीकच आहे.

वर्गातल्या एकानं काल विचारलं की या सगळ्यामुळे माणसांची कामं गेली ना? काही गेली. शाफ्टला तेल घालणारा, गिअर घासून बसवणारा माणूस आता तिथे नसतो. त्या रात्री माझ्याबरोबर केबल तपासणारी दोन्ही मुलं आयटीआय झालेली होती आणि शिल्ड सुटलेलं त्यांच्याच बोटांना आधी कळलं, माझ्या लॅपटॉपला नाही. त्यांना कोणी हे नीट शिकवलं नव्हतं, याचं मला जास्त वाईट वाटतं.

म्हणून एक सामान बरोबर आणलंय. दोन छोट्या मोटरी, बारा दिवे आणि एक जुना लॅपटॉप. इथरकॅटचा कंट्रोलर चालवायला साधं इथरनेटचं पोर्ट पुरतं आणि त्याचं सॉफ्टवेअर खुलं, मोफत मिळतं. हा संच मी शाळेच्या प्रयोगशाळेला देऊन जाणार आहे. मुख्याध्यापकांची परवानगी काल घेतली, आठवी-नववीच्या मुलांसाठी पुढच्या महिन्यात दोन शनिवारही ठरलेत. चहानंतर मोठ्यांनी यावं. दोन्ही मोटरींच्या चकत्यांवर एकेक पांढरी रेघ आहे, त्या रेघा जुळून फिरताना दिसतील. मग मधली तार ज्याला हवी त्यानं उपटून बघावी. मागच्या बाकावरच्या टोळीला पहिला मान.