पालक रोबोट



आशिया-पॅसिफिकमधल्या प्रसारण संस्थांची ‘रोबोकॉन’ ही रोबोटची स्पर्धा २००२ साली टोकियोत सुरू झाली. खेळ यजमान देशानं ठरवायचा, हा तिथला रिवाज. २००८ मध्ये पुण्यात दहीहंडी झाली, २०२२ मध्ये दिल्लीत लगोरी. ज्या खेळांचे नियम आपण गल्लीत भांडून ठरवले, त्यांचं मापांसकट नियमपुस्तक निघालं!

मला मात्र २०१४ चा पुण्यातला खेळ जास्त आवडतो. विषय होता पालकत्व. एक पालक रोबोट, तो माणसानं चालवायचा. दुसरा मूल रोबोट, तो आपोआप चालणारा. पालकानं मुलाला सीसॉ आणि झोक्यापाशी न्यायचं. खांबांवरून चालायचं आणि शिडीवर चढायचं ते मात्र मुलानं स्वतः. ऐकायला गोड, करायला महाकठीण. मूल जड झालं की पालकाचा हात वाकतो. हात भक्कम करावा तर वजन वाढतं आणि वळताना तोल जातो. मूल हलकं करावं तर त्यात मोटर कुठे बसवायची? पुस्तकातला टॉर्क परीक्षेपुरता असतो. जळक्या मोटरचा वास आला की तो कायमचा कळतो.

पण रोबोकॉनला येणारी मुलं आधीच इंजिनिअरिंगला आलेली असतात. ज्याला या वाटेवर आणायचं, तो आठवीत असतो. अमेरिकेत संशोधक डीन केमन आणि एमआयटीचे प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स यांनी हे ओळखलं. १९९२ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या एका शाळेच्या व्यायामशाळेत त्यांच्या ‘फर्स्ट’ या संस्थेची पहिली रोबोट स्पर्धा झाली, २८ संघांची. संघात शाळकरी मुलं आणि त्यांच्या शेजारी नोकरी करणारे अभियंते. माझ्या मते या स्पर्धेचं खरं बळ चषकात नाही, त्या शेजारी बसण्यात आहे.

आपल्याकडे २०१६ पासून शाळांमध्ये अटल टिंकरिंग लॅब आल्या, सहावी ते बारावीसाठी. थ्रीडी प्रिंटर आले, सेन्सर आले. शेजारी बसणारा जाणकार मात्र सरकारी खरेदीत मिळत नाही. मग तयार किट आणायचं, जोडायचं, पळवायचं, फोटो काढायचा. त्यात हौस भागते. गाडी डावीकडेच का ओढते, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

आज पदवी घेणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, तो प्रश्न विचारायला तुम्ही जा. नोकरी पुण्यात लागो नाहीतर चंद्रपुरात, जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटा आणि आठवड्यातले दोन तास मागून घ्या. मुलींना मागच्या बाकावर वही लिहायला बसवलं असेल, तर पक्कड त्यांच्या हाती द्या. आणि एक विनंती: रोबोट तुम्ही बनवून देऊ नका. मुलांना बनवू द्या, बिघडवू द्या, आणि पुन्हा उघडतील तेव्हा तिथेच थांबा.