आधी राखायचा तो पांढरा

शुभेच्छापत्र हाताने करताना आपण पणती, फूल, अक्षर यांवर जीव ओततो आणि मागचा कागद तसाच सोडून देतो. आज मी त्या मागच्या कागदाबद्दलच बोलणार आहे. रंग कुठे लागू द्यायचा नाही हे आधी ठरवून केलेली पार्श्वभूमी मला छापील नक्षीपेक्षा कितीतरी जिवंत वाटते.

साधन घरातच आहे, पांढरी मेणबत्ती किंवा तैलखडू. कागदावर मेणाने रेघा ओढा आणि वरून पातळ जलरंगाचा हात फिरवा. मेणावर पाणी ठरत नाही, थेंब होऊन सरकते आणि रेघ पांढरी उरते. पांढऱ्यावर पांढरे दिसत नाही, म्हणून कागद उजेडात तिरपा धरा, मेणाची चकाकी दिसते.

हा खेळ शाळेत बहुतेकांनी खेळलेला असतो, पण कागदाचा विचार तेव्हा कोण करतो? गुळगुळीत कार्डशीटवर रेघ सलग उठते. खरखरीत कागदावर मेण फक्त उंचवट्यांवर बसते, खळग्यांत रंग शिरतो आणि रेघ दाणेदार होते. पुण्यात १९४० साली सुरू झालेल्या हातकागद संस्थेच्या कागदासारखा सुती हातकागद मिळाला तर ही दाणेदार रेघ जरूर करून पाहा. मात्र कागदाला खळ पुरेशी हवी, नाहीतर तो रंग पिऊन टाकतो आणि रंग मेणाच्या कडेखाली पसरतो.

मेणाची ताकद पाहायची असेल तर शिल्पकार हेन्री मूर यांची चित्रे पाहा. १९४०-४१मध्ये लंडनवर बॉम्ब पडत असताना भुयारी रेल्वेच्या फलाटांवर लोक रात्री काढत. मूर यांनी त्यांची चित्रे मेणखडू, जलरंग आणि शाईने काढली. पांघरुणाखाली दाटीवाटीने झोपलेल्या त्या देहांवरचा उजेड मेणाने राखलेला आहे.

जपानचे सेरिझावा केइसुके (१८९५–१९८४) यांची वाट वेगळी. कोरलेल्या साच्यातून चिकट तांदळाची लापशी लावायची, रंग भरायचे, मग लापशी धुऊन काढायची. कापडावरची ही रीत त्यांनी कागदावरही वापरली, तिच्यातून दिनदर्शिका केल्या. तुतीजातीच्या झाडाच्या सालीचा, लांब धाग्यांचा जपानी कागद हे धुणे सोसतो. आपल्या साध्या ड्रॉइंगच्या कागदावर मात्र हे करू नका, त्याचा लगदा होईल.

आता सर्वांत सुंदर भाग. एका रंगावर थांबू नका. आधी पांढरे राखा आणि फिका पिवळा लावा. तो पूर्ण वाळला की पिवळे ठेवायचे तिथे मेण लावा आणि वर नारिंगी फिरवा. पुन्हा मेण लावा, मग गडद निळा. क्रम फिक्याकडून गडदाकडेच. घाई केलीत, ओल्या कागदावर मेण घासलेत, तर कागदाचा पापुद्रा सुटतो. बाटिक करणारे कापडावर हेच करतात, फक्त त्यांचे मेण वितळलेले असते.

शेवटी कार्डाच्या दोन्ही बाजूंना कोरा शोषक कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवा, बरेचसे मेण त्यात उतरते. तरी थोडे राहतेच, आणि त्यावर शाईचे पेन घसरते. म्हणून ज्याला कार्ड द्यायचे त्याचे नाव लिहायची जागा सुरुवातीलाच पेन्सिलने हलकी आखून ठेवा, तिथे मेण जाऊ देऊ नका.