रक्तदाब : सात दिवसांचा रोजमेळ



उच्च रक्तदाब बहुधा कोणतीही चाहूल न देता शरीरात मुक्काम करतो. डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, म्हणून मनुष्य निश्चिंत राहतो. आणि तोवर हृदय, मेंदू, मूत्रपिंडे व डोळे यांची हानी होत राहते. त्याला ओळखण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे मोजणी.

हृदय आकुंचन पावताना रोहिण्यांच्या भिंतींवर पडणारा दाब म्हणजे वरचा आकडा. दोन ठोक्यांमधील विसाव्यात उरणारा दाब म्हणजे खालचा. इटलीचे डॉ. रिवा-रोची यांनी १८९६ साली दंडाला पट्टा बांधून पाऱ्याच्या स्तंभावर हा दाब मोजला. १९०५ साली रशियन शल्यचिकित्सक कोरोत्कॉव्ह यांनी त्याला स्टेथोस्कोपची जोड दिली. आज हेच काम घरचे बॅटरीवरील यंत्र करते.

मात्र एका आकड्याने घाबरू नये आणि हुरळूनही जाऊ नये. जिना चढल्यावर, बोलताना, चहानंतर दाब वाढतो. कित्येकांचा दाब दवाखान्यात वाढतो आणि घरी उतरतो; काहींचे नेमके उलट होते. एका बाजूने पाहिलेले सत्य हे पूर्ण सत्य नव्हे, ही अनेकान्ताची शिकवण येथेही लागू पडते. कोणताही व्यापारी एका दिवसाच्या गल्ल्यावरून वर्षाचा नफा ठरवीत नाही.

यंत्र मनगटाचे नव्हे, दंडाचे घ्यावे. पट्टा दंडाच्या मापाचा असावा. तो लहान पडल्यास आकडा खोटा वाढतो. मोजणीपूर्वी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू टाळावी, लघवीस जाऊन यावे. मांडी घालून न बसता खुर्चीत पाठ टेकून, पावले जमिनीवर ठेवून, ५ मिनिटे शांत बसावे. उघड्या दंडावर पट्टा बांधून हात हृदयाच्या पातळीवर टेकवावा व मौन पाळावे. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे. असे सकाळी, औषधापूर्वी, आणि सायंकाळी ७ दिवस करावे. प्रत्येक आकडा वहीत जसाच्या तसा लिहावा. पहिला दिवस वगळून सरासरी काढावी. घरची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून अधिक आल्यास वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. आकडा १८०/१२० च्या वर असून छातीत दुखणे, धाप लागणे, बोबडी वळणे वा हातपाय लुळे पडणे असे काही घडल्यास क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. पापड, लोणचे, शेव, फरसाण यांतले मीठही त्यातच धरावयाचे. पर्युषणातील उपवास किंवा चौविहार यांमुळे गोळीची वेळ बदलावी लागत असेल, तर व्रतापूर्वीच डॉक्टरांशी बोलावे. गोळी परस्पर सोडू नये. आकडा ठीक आला म्हणून औषध बंद करणे ही तर सर्वांत घातक समजूत होय. तो आकडा औषधामुळेच ठीक आलेला असतो.

हिशेबाच्या वहीत खोटी नोंद करणे जसे आपल्याला पटत नाही, तसेच देहाच्या वहीतही ती नको. प्रत्येक घरात अशी एक वही असावी, आणि वडीलधाऱ्यांचे आकडे लिहून घेण्याची सेवा घरातील तरुणांनी करावी.

जय जिनेंद्र!