जनुकांवरच्या खुणा

माणसाच्या यकृतातल्या आणि मेंदूतल्या पेशींचा डीएनए एकच असतो. प्रथिने घडवणारी सुमारे २०,००० जनुके दोन्हींकडे आहेत. तरी यकृताची पेशी अल्ब्युमिन तयार करते, चेतापेशी करत नाही. यकृतपेशी विभागली की तिच्यापासून पुन्हा यकृतपेशीच होतात. कोणती जनुके चालू ठेवायची हे पेशी ठरवते आणि तो निर्णय आपल्या लेकपेशींकडेही सोपवते. डीएनएचा अक्षरक्रम न बदलता हे कसे घडते, याचा अभ्यास म्हणजे अधिजनुकशास्त्र, म्हणजेच एपिजेनेटिक्स. कॉनरॅड वॉडिंग्टन यांनी १९४२ मध्ये हे नाव रूढ केले, तेव्हा जनुके डीएनएची असतात हेही सिद्ध झालेले नव्हते.

एका पेशीतला डीएनए उलगडला तर सुमारे दोन मीटर भरतो. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या किंवा त्याहून लहान केंद्रकात तो मावतो, कारण रिळावर दोरा गुंडाळावा तसा तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. आठ हिस्टोन रेणूंचा गाभा आणि त्याभोवती १४७ बेसजोड्यांचे जवळजवळ पावणेदोन वेढे मिळून एक न्यूक्लिओसोम होतो. वेढे दाट बसले की जनुक वाचणाऱ्या यंत्रणेला आत शिरता येत नाही. हिस्टोनच्या शेपट्या मात्र गाभ्याबाहेर असतात. त्यांतल्या लायसिनवर धनभार असतो आणि डीएनएवर ऋणभार. लायसिनला अ‍ॅसिटिल गट जोडला की धनभार जातो, पकड सैल होते आणि जनुक वाचता येते. व्हिन्सेंट ऑलफ्री यांनी हा संबंध १९६४ मध्येच सुचवला होता. पण अ‍ॅसिटिल गट जोडणारे एन्झाइम आणि जनुक चालू करणारे प्रथिन एकच असू शकते, हे डेव्हिड अ‍ॅलिस यांच्या प्रयोगशाळेने १९९६ मध्ये दाखवले आणि मग या विषयाला खरा वेग आला. हिस्टोनवरच्या मिथाइल गटाचा हिशेब इतका सरळ नाही. एच३ हिस्टोनच्या चौथ्या लायसिनवर तीन मिथाइल गट असले तर जनुक बहुधा चालू असते. सत्ताविसाव्या लायसिनवर तेच गट असले तर बंद.

खुद्द डीएनएवरही मिथाइल गट बसतो. सस्तन प्राण्यांत तो मुख्यतः ग्वानिनच्या आधी येणाऱ्या सायटोसिनवर असतो. जनुकाच्या आरंभाजवळ अशी दाटी झाली की काही प्रथिनांना तिथे चिकटता येत नाही. एमईसीपी२ सारखी दुसरी प्रथिने नेमकी तिथेच चिकटतात आणि अ‍ॅसिटिल गट काढणारी एन्झाइमे ओढून आणतात. पेशीच्या स्मृतीचे मर्म पुढच्या पायरीत आहे. डीएनएची प्रत निघते तेव्हा जुन्या धाग्यावर मिथाइल गट असतो, नव्यावर नसतो. एका धाग्यावर सायटोसिन-ग्वानिन असेल, तर समोरच्या धाग्यावरही उलट दिशेने तीच जोडी येते. म्हणून डीएनएमटी१ हे एन्झाइम अर्धी खूण पाहून उरलेली अर्धी पुरी करते. ही कल्पना १९७५ मध्ये आर्थर रिग्ज यांनी आणि स्वतंत्रपणे रॉबिन हॉलिडे व जॉन प्यू यांनी मांडली. पुढे प्रयोगांनी ती खरी ठरवली. रसायनशास्त्राने इतक्या साध्या युक्तीने स्मृती जपावी, हे या साऱ्या विषयातले सर्वांत सुंदर पान आहे.

ती स्मृती डोळ्यांना दिसते मांजरीच्या अंगावर. मेरी लायन यांनी १९६१ मध्ये मांडले, की मादी सस्तन प्राण्याच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स गुणसूत्र बंद होते. कोणते, हे गर्भाच्या आरंभी यदृच्छेने ठरते आणि पुढच्या सगळ्या पेशी ते पाळतात. मांजराच्या केसांचा नारिंगी रंग एक्सवरच्या जनुकावर ठरतो. म्हणून काळ्या-नारिंगी ठिपक्यांची मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते. २००१ च्या अखेरीस टेक्सासमध्ये अशाच तिरंगी मांजरीच्या पेशीपासून पहिले क्लोन मांजर जन्मले. डीएनए तोच, पण पिल्लाच्या अंगावर नारिंगी रंगाचा मागमूसही नव्हता. मूळ पेशीत नारिंगीचे एक्स बंद होते आणि क्लोनिंगमध्ये ते कुलूप उघडले नाही.

मिथाइल गट पेशीला आयते मिळत नाहीत. ते पुरवणाऱ्या रासायनिक चक्राला फोलेट आणि बी१२ जीवनसत्त्व लागते. तिथेच हा विषय स्वयंपाकघराशी आणि पुण्याशी जोडला जातो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पुढाकाराने १९९३ मध्ये आसपासच्या खेड्यांतल्या गरोदर स्त्रियांचा दीर्घ अभ्यास सुरू झाला. त्यांच्यापैकी बहुतेकींत बी१२ कमी होते. ज्यांच्यात बी१२ कमी पण फोलेट भरपूर होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा प्रतिरोध सर्वाधिक आढळला. यामागे मिथाइलीकरणातला बिघाड असावा हा तर्क सबळ आहे. कार्यकारणाची सगळी साखळी मात्र अजून जोडलेली नाही. हॉलंडच्या १९४४-४५ च्या दुष्काळात ज्यांची गर्भधारणा झाली, त्यांच्या रक्तात साठ वर्षांनंतरही आयजीएफ२ जनुकावरचे मिथाइलीकरण त्यांच्या भावंडांपेक्षा कमी दिसले, हे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले.

खुणा काढताही येतात. कर्करोगात पेशींची वाढ रोखणारी जनुके मिथाइलीकरणाने बंद पडलेली आढळतात. डीएनएमटी१ ला अडकवून ठेवणारे अ‍ॅझासायटिडिन हे औषध २००४ मध्ये अमेरिकेत अस्थिमज्जेच्या एका विकारासाठी मंजूर झाले.

आजीच्या उपासमारीची खूण नातवाच्या जनुकांवर उमटते, असे आता सर्रास छापले जाते. पण सस्तन प्राण्यांत बीजपेशी घडताना आणि पुन्हा फलनानंतर, अशा दोनदा बहुतेक खुणा पुसल्या जातात. फलनानंतरच्या पुसण्यातून थोडी जनुके सुटतात. वनस्पतींत मात्र अशा काही खुणा अनेक पिढ्या टिकतात. म्हणून जीवशास्त्र शिकवणाऱ्यांनी आणि त्यावर लिहिणाऱ्यांनी पेशीकडून पेशीकडे जाणारी खूण आणि पिढीकडून पिढीकडे जाणारी खूण यांची गल्लत करू नये. पहिलीचा पुरावा भक्कम आहे. माणसातल्या दुसरीचा अजून तसा नाही.