सात वाजताचा भोंगा



१९८८ साली आपण दहावीला होतो. रविवारी सकाळी 'रामायण' बघायची घरून सूट होती. एरवी परीक्षा होईपर्यंत टीव्हीचं लाकडी शटर बंद. आई-बाबा बाहेर गेले की आम्ही ते उघडायचो. बाबा परत आले की चपला काढायच्या आधी टीव्हीच्या पाठीवर हात ठेवून बघायचे, गरम आहे का. मग आम्ही पंधरा मिनिटं आधी टीव्ही बंद करून त्याच्यावर टेबलफॅन सोडायला शिकलो. (सर, विज्ञानाचा तेवढा उपयोग नक्की केला.)

पुढे बाबांच्या जागी मी आलो. लॉकडाऊनमध्ये शाळेसाठीच मुलीच्या हातात मोबाईल दिला होता, तो सुटेना. नियम केला : रात्री नऊनंतर फोन नाही. तिने दोन आठवडे पाळला. एका रात्री ती पाणी प्यायला उठली, तर मी स्वयंपाकघरात अंधारात व्हॉट्सअ‍ॅप बघत उभा. हो, आपलाच ग्रुप. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिने नियम सोडला आणि मला बोलायला तोंड राहिलं नाही.

त्याच सुमारास सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावची बातमी वाचली. सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकाराने ऑगस्ट २०२२ मध्ये ग्रामसभेत ठरलं : संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की घरोघरी टीव्ही-मोबाईल बंद, साडेआठला दुसरा भोंगा होईपर्यंत. आधी पुरुष मंडळींनी ते हसण्यावारी नेलं. बायकांनी मात्र आपण मालिका फार बघतो हे कबूल केलं आणि गाडी पुढे सरकली. अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघरी जाऊन समजावत राहिले. भोंगा काही कुणाच्या हातातला फोन काढून घेत नाही. पण तो आजोबांनाही तितकाच लागू आहे.

उलट चीनने सप्टेंबर २०२१ पासून अठरा वर्षांखालच्या मुलांना ऑनलाइन गेम फक्त शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीला, रात्री आठ ते नऊ एवढाच ठेवला. एवढं कडक सरकार. तरी काही पोरं आजी-आजोबांच्या नावाच्या खात्यावर खेळू लागली. मला आमचा टेबलफॅन आठवला.

मुलगी आता पुण्यात शिकते. आमच्याकडे रात्री साडेआठ ते साडेनऊ दोघांचेही फोन फ्रिजवर असतात. तेव्हा ग्रुपवर माझं उत्तर आलं नाही तर रागावू नका. अडचण एकच आहे : तिचा फोन नेमका त्याच तासात येतो. उचलायचा की नाही, यावर बायकोचं आणि माझं अजून एकमत नाही. गेल्या आठवड्यात मी उचलला.